नवसाबाईचं पान

१

चिमाजीअण्णांनी साडी माझ्या काउंटरवर टाकली आणि म्हणाले, "मॅडम, पदर उलटा करून बघा."

मी उलटा केला. मागे कापलेल्या धाग्यांचं नुसतं जंगल होतं. मला रेशमातलं फारसं कळत नाही, पण एका विणकराची वेबसाइट सांभाळता सांभाळता एवढं शिकले होते की हातमागावरची पैठणी दोन्ही अंगांनी सारखी दिसते. ही यंत्रावरची होती.

"ही माझ्या हातची नाय," अण्णा म्हणाले. "पण काल एक पोरगी आईला घेऊन थेट येवल्याला आली. तुमच्या साइटवरून घेतली म्हणाली. दारात उभं राहून मला चोर म्हणाली, मॅडम. सगळी गल्ली ऐकत होती."

हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. साठीला आलेला हा माणूस तीस वर्षं खंडेराव शेठच्या कारखान्यात मजुरीवर पैठण्या विणत होता. बायको नवसाबाई वारली, तेव्हा तिचा घरचा माग रिकामा पडू नये म्हणून त्यांनी कारखाना सोडला आणि स्वतःचं विणून स्वतः विकायचं ठरवलं. नाशिकला द्वारका चौकात माझं छोटंसं दुकान आहे. समोरच्या खोलीत कॉम्प्युटरचे क्लास, मागच्या खोलीत वेबसाइटची कामं. अण्णांची साइट मीच बांधली. पुण्या-मुंबईहून फोन यायला लागले आणि घर त्याच्यावर उभं राहिलं.

"दसऱ्यापासून एक फोन नाय आला," अण्णा म्हणाले. "दिवाळी गेली. खंडेरावांचा निरोप आलाय, तुळशीच्या लग्नापर्यंत यायचं तर ये, जागा धरून ठेवलीय. घरचा माग मोडून त्यांच्याकडे बसायचं. मी आठ दिवस मागून घेतले."

"अण्णा, काही मोडायचं नाही," मी ठणकावून सांगितलं. मला अशी मोठी मोठी वाक्यं बोलायची खोड आहे.

त्यांच्यासमोरच मी साइट उघडली. सगळं जागच्या जागी होतं: मोर-बांगडी, आसावली, नारळी काठ, अण्णांचा फोन नंबर. सर्च इंजिनात 'येवला पैठणी' टाकून पाहिलं, तर यादीत पहिलं नाव आमचंच. मला बरं वाटलं आणि मी तिथेच थांबले. डोंबलाचं बरं! दुकान उघडं, पाटी रस्त्यावर, आणि गिऱ्हाईक कुठे जात होतं कोणास ठाऊक.

२

अण्णांना चोर म्हणणारी मुलगी गंगापूर रोडला राहत होती. नाव निकिता, लग्न मार्गशीर्षात. तिला वाटलं मी साडीचे पैसे परत द्यायला आले.

"मी काही विकत नाही गं," मी म्हटलं. "तू ही साडी कशी घेतलीस, तेवढं मला करून दाखव."

"त्यात काय दाखवायचं? तुमचीच साइट."

"दाखव तरी."

ती तोंड वाकडं करून कॉम्प्युटरसमोर बसली. सर्च इंजिनात शब्द टाकले, यादी आली, चिमाजीअण्णांचं नाव-गाव लिहिलेल्या पहिल्याच ओळीवर तिने क्लिक केलं. पान उघडलं. रंग आमच्यासारखेच, वर मोठ्या अक्षरांत 'अस्सल येवला पैठणी'. पण आमची साइट नव्हती ती. खाली बारीक अक्षरांत सुरतेच्या कुठल्याशा गिरणीचा पत्ता होता.

"सरक जरा," मी म्हटलं. तिच्याच खुर्चीवर बसून मी आमचा पत्ता हाताने, अक्षर अक्षर टाइप केला. अण्णांची साइट उघडली.

पुन्हा यादीतून गेले, सुरत. पुन्हा हाताने, येवला.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," निकिता म्हणाली.

"नाही. आणि अण्णाही नव्हते."

एकाच कॉम्प्युटरवर एकाच नावाची दोन दुकानं उघडत होती. हे कुठून करता येतं ते मला ठाऊक होतं. ती जागा मीच तयार केली होती.

३

इथे थोडं समजावून सांगते, कंटाळू नका.

वेबसाइटच्या पानांचे पत्ते पूर्वी असे असायचे: प्रश्नचिन्ह, आकडे, बरोबरची चिन्हं, पुन्हा आकडे. नगरपालिकेच्या घर नंबरासारखे. पण येवल्यात कोणी घर नंबर विचारत येतं का? 'पारामागचं चिमाजीचं घर' असं विचारतात. सर्च इंजिनालाही तसंच लागतं, पत्त्यात सरळ 'पैठणी', 'मोर-बांगडी' असे शब्द असले की त्याला पान नीट ओळखू येतं. म्हणून सर्व्हरवर एक लपलेली फाइल ठेवतात आणि तिच्यात नियम लिहितात: शब्दांचा पत्ता घेऊन कोणी आलं तर त्याला आतल्या अमक्या आकड्याच्या पानावर पोचव. कोपऱ्यावर उभा राहून वाट सांगणारा माणूसच म्हणा. आमच्या साइटचे पत्ते मी असे सुंदर करून ठेवले होते, म्हणूनच नाव यादीत पहिलं होतं.

आता या कोपऱ्यावरच्या माणसाला कोणी फितवलं तर? परका विचारत आला की 'चिमाजी ना, तिकडे' म्हणून त्याला दुसऱ्याच दुकानात धाडायचं. घरचा माणूस मात्र वाट विचारतच नाही, सरळ घरात शिरतो, म्हणून त्याला पत्ताही लागत नाही. अण्णांचा मुलगा समर्थ रोज साइट उघडायचा, मीही अधूनमधून उघडायचे, पण दोघंही पत्ता टाइप करूनच.

दुकानात परत येऊन मी ती फाइल उघडली. माझ्या नियमांच्या डोक्यावर कोणीतरी चार ओळी बसवल्या होत्या. सर्च इंजिनातून येणाऱ्या प्रत्येकाला सुरतेच्या साइटवर पाठवा, आणि पत्त्याच्या शेपटीला एजंटचा क्रमांक. म्हणजे जाणाऱ्या गिऱ्हाइकामागे कोणाला तरी दलाली मिळत होती. मी सुरतेला फोन लावला. "एजन्टनुं नाम नहीं आपीए," म्हणजे एजंटचं नाव देणार नाही, एवढं म्हणून त्यांनी फोन आपटला.

चौथी ओळ मी दोनदा वाचली. त्या ओळीत एक सूट दिलेली होती. एकच पान वळवायचं नाही.

ते पान नवसाबाईंचं. मागावर बसलेला त्यांचा फोटो आणि त्यांच्या हातची शेवटची साडी. खाली लिहिलेलं, 'ही विकायची नाही.'

चोराने सगळं दुकान लुटलं आणि मेलेल्या बाईच्या फोटोला हात लावला नाही. मी फाइलची तारीख पाहिली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. नवरात्रातली अष्टमी, रात्री झोपायच्या वेळची.

साइटचा पासवर्ड, मला सोडून, दोघांनाच माहीत होता. एक समर्थ. दुसरी त्याची मोठी बहीण शुभांगी. ती माझ्याच क्लासची मुलगी, साइटचं निम्मं काम माझ्याजवळ बसून तिने केलेलं. पण ती दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन निफाडला गेली आणि सगळं समर्थकडे आलं. नवऱ्याचं बरं चाललंय, ती संसारात रमलीय, असं अण्णा सांगायचे.

राहता राहिला समर्थ. पण ज्याला या सगळ्याचा सर्वांत जास्त फायदा होता, त्या खंडेरावांकडे पासवर्डच नव्हता. असं मला वाटत होतं.

४

खंडेराव शेठ गादीवर बसून पान जुळवत होते. मागे कारखान्यात मागांची खटखट चालू होती.

"या मॅडम. चिमाजीने पाठवलं का?"

"मी माझी आले. अण्णांचं गिऱ्हाईक कोणीतरी पळवतंय."

"आणि तुम्हाला वाटतं मी." ते हसले. "मॅडम, मला पळवायची गरज काय? माणूस म्हातारा होतो, डोळे अधू होतात, मग घरी एकट्याने विणायचा कंटाळा येतो. चिमाजी आपोआप येणार होता. मी फक्त जागा धरून ठेवली."

असा नाकाने कांदे सोलणारा माणूस मला मुळीच आवडत नाही. पण तो म्हणत होता ते खोटं नव्हतं, याचाच जास्त राग आला.

"कॉम्प्युटर तुमच्याकडेही आहे," मी म्हटलं.

"आहे. बिलं काढायला." त्यांनी पान तोंडात टाकलं. "आणि ऐका, तुम्ही लपवून ठेवता ना तो तुमच्या साइटचा शब्द, पासवर्ड, तोसुद्धा आहे माझ्याकडे. विचारा कोणी दिला."

"कोणी?" मी विचारलं.

"समर्थने. नवरात्र बसायच्या आधी आला होता. म्हणाला, मला नाशिकला कंपनीत चिकटवा, तुमची ओळख आहे, त्याच्या बदल्यात हे घ्या. मी म्हणलं, ठेव. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण बापाच्या घराची किल्ली पोरगा स्वतः आणून देतो म्हणल्यावर मी कशाला नाही म्हणू?"

५

समर्थला मी दुकानात बोलावून घेतलं. बावीस वर्षांचा उंच मुलगा, माझ्यासमोर खाली मान घालून उभा राहिला.

"पासवर्ड दिलास?"

"दिला."

"बापाच्या पोटावर पाय द्यायला लाज नाही वाटली रे मेल्या?"

"मॅडम, मला नाय बसायचं मागावर!" तो एकदम ओरडला. क्लासच्या पोरी वळून बघायला लागल्या. "अण्णा म्हणतात, आईचा माग हाय, तू चालव. माझी पाठ मोडती. सगळे मित्र नाशिकला, अंबडच्या कंपनीत हायेत. मी फक्त शब्द दिला. त्या चार ओळी मी नाय लिहिल्या. मला लिहितासुद्धा येत नायत."

"अष्टमीच्या रात्री कुठे होतास?"

"सायबर कॅफेत. उशिरापर्यंत. पण मी नोकरीचे अर्ज टाकत होतो. आईशप्पथ."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते त्याच्या तोंडावर पडलं होतं. मला वाटलं, संपलं. आता हे अण्णांना सांगायचं, एवढंच उरलं. फक्त एक गोष्ट डोक्यात टोचत होती. चार ओळी नीट लिहिलेल्या होत्या, कुठे एक टिंबही चुकलेलं नव्हतं, आणि या पोराला साधा फोटो चढवायला मला दोनदा फोन करावा लागायचा.

"थांब," मी म्हटलं, "तुझ्यासमोरच बघू." एक रिकामी फाइल बनवून मी सर्व्हरवर टाकली. बाहेर द्वारकाच्या चौकात सकाळची गर्दी, घड्याळात दहा वाजायला आलेले. सर्व्हरच्या यादीत फाइल आली, आणि तिच्यापुढे वेळ आली ती काल रात्रीची.

मी कपाळावर हात मारला. स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला आमचा सर्व्हर अमेरिकेत. त्याचं घड्याळ आपल्या दहा-अकरा तास मागे. त्याच्या लेखी अष्टमीची रात्र होती, तेव्हा येवल्यात अष्टमीची रात्र नव्हतीच. दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. खंडेनवमीची.

"खंडेनवमीला सकाळी मी कुठे होते रे?" मी विचारलं.

समर्थने पहिल्यांदा मान वर केली. "आमच्याच घरी, मॅडम."

६

दरवर्षी खंडेनवमीला अण्णा मला जेवायला बोलावतात. त्यांच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. माग धुऊन पुसून, त्याला झेंडूचा हार. आडवा धागा नेणारा धोटा, कात्री, रेशीम तोलायचा ताजवा, सगळं पाटावर मांडलेलं. अण्णांच्या मते कॉम्प्युटरही हत्यारच, म्हणून तोही पाटावर, की-बोर्डवर हळद-कुंकू. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही. मी गमतीने माउस हलवायला गेले होते, तर अण्णांनी माझ्या हातावर चापट मारली होती.

त्या सकाळी समर्थने मला स्टँडवरून मोटारसायकलवर आणलं, पूजेला माझ्याशेजारी बसला, जेवला, संध्याकाळी एसटीत बसवून दिलं. क्षणभर माझ्या नजरेआड झाला नाही. प्रसादाला अण्णा मला खंडेरावांच्या कारखान्यातही घेऊन गेले होते. तिथलाही कॉम्प्युटर मागांच्या ओळीत हार घालून बसलेला. आणि खंडेरावांनी कुणाकडून बाहेरून करवून घेतलं म्हणावं, तर नवसाबाईंचं पान वगळायची त्यांना काय पडली होती? ज्याला त्या पानावर सुरतेचं कापड पडलेलं बघवणार नव्हतं, त्यानेच ती ओळ लिहिली.

म्हणजे माणूस घरचाच, आणि त्या सकाळी त्याच्या घरचं यंत्र पूजेला बसलेलं नव्हतं.

जेवणाच्या पंगतीत त्या दिवशी एक जागा रिकामी होती. "शुभांगी नाही आली?" असं मी विचारलं होतं. अण्णा म्हणाले होते, "तिचे चुलत सासरे वारले. सुतक पडलंय. त्यांच्याकडे यंदा घटही नायत आणि पूजाही नाय."

सुतकाच्या घरात देवपूजा नसते. हत्यारांना हळद-कुंकू नसतं. कॉम्प्युटर आपला चालूच असतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्या मुलीला मी हे नियम लिहायला शिकवले, तिला सोडून मी साऱ्या येवल्यावर संशय घेत हिंडले. आणि कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

निफाडला मी न कळवता गेले. गावाबाहेर द्राक्षबागांना लागून घर. ओट्यावर तिची सासू धोंडाबाई शेंगा निवडत बसलेली.

"शेखरराव आहेत का?" मी जावयाचं नाव घेतलं.

धोंडाबाई माझ्याकडे बघतच राहिली. "त्यो कुठला? श्रावणापास्नं त्याचा पत्ता नाय. कोणाच्या नादी लागून गेला ठावं नाय. ही पोरगी मशिनीवर काय ते करती, चार पैशे येत्यात, म्हणून ठिवलीय घरात. नायतर आम्ही काय फुकाटचं खायाला घालून ठिवायचं तिला? जिचा नवरा नाय तिचं इथं काय काम?"

हे ती सुनेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलली. आतल्या खोलीच्या दारात शुभांगी उभी होती. मला बघून तिने ओळखलं की मी कशाला आलेय.

७

"फक्त दिवाळीपुरतं करणार होते, मॅडम," ती म्हणाली. दार लावून घेतलं होतं. कॉम्प्युटरवर सुरतेच्या ऑर्डरींची यादी उघडी होती. "मग पंधरा दिवसांतच पैसे आले आणि सासूबाईंनी माझं ताट पुन्हा घरात वाढायला सुरुवात केली. त्याआधी त्या मला ओट्यावर जेवायला बसवायच्या."

"अण्णांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? नवरा टाकून गेला म्हणून? त्या दिवशीच मला घ्यायला आले असते. मग टाकलेली बहीण घरात म्हणल्यावर समर्थला मुलगी कोण देणार? आणि अण्णा तर गल्लीत मान वर करून चालणार नाहीत."

"आता तरी कुठे चालतायत? दारात येऊन लोक त्यांना चोर म्हणतायत, शुभांगी. आठ दिवसांत तुझ्या आईचा माग मोडणार."

तिने तोंडावर पदर धरला. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती भिंतीकडे तोंड करून रडली. मला एवढा राग आला होता, की तो कुणावर काढायचा तेच कळेना. त्या शेखरवर काढावा तर तो हजर नव्हता.

"मला संक्रांतीपर्यंत द्या," ती म्हणाली.

"नाही देणार," मी म्हटलं. "ओळी आज काढणार. अण्णांना तुझं नाव सांगणार नाही, पण ओळी काढणार."

मला वाटलं मी न्याय केला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं ते प्रकरण होतं आणि मी त्यातला एक चावा निवडला.

तिथूनच मी येवल्याला गेले. अण्णा मागावर होते. कोणाचीही ऑर्डर नसताना मोर विणत होते. मी सांगितलं की चूक सापडली, कोणीतरी बाहेरून नियम घुसडले होते, आज काढून टाकते, नवा पासवर्ड ठेवते.

"समदीच पानं वळवली होती?" त्यांनी विचारलं.

"एक सोडून."

"कुठलं?"

खोटं बोलायचं सुचलंच नाही. "नवसाबाईंचं."

त्यांचा धोटा थांबला. ते खाली, पायाने दाबायच्या पावड्यांकडे बघत बसले. कोणी केलं, असं त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "तिच्या घरी समदं बरं हाय ना?"

खरं सांगायला हवं होतं की नको, ते मला अजून कळलेलं नाही.

"नवा शब्द समर्थला नका देऊ," अण्णा म्हणाले. "मला सांगा. मी ध्यानात ठेवीन."

मी तो शब्द त्यांच्या कानात सांगितला. त्यांनी तो दोन-तीनदा पुटपुटून पाठ केला. त्या रात्री मी ओळी काढल्या. दुसऱ्याच दिवशी अण्णांना मुंबईहून एक फोन आला, असं समर्थने कळवलं. मी क्लासच्या पोरींना पेढे वाटले.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, सहज म्हणून, मी सर्च इंजिनातून 'येवला पैठणी' शोधलं आणि पहिल्या नावावर क्लिक केलं.

सुरत उघडली.

फाइल पाहिली. त्याच चार ओळी, त्याच जागी, तीच सूट. नवा पासवर्ड दोघांनाच माहीत होता. एक मी. या वेळी शोधायला काहीच नव्हतं. मी एसटीत बसले आणि येवल्याला गेले.

अण्णांच्या घरात माग नव्हता. लाकडं अंगणात भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि मागाखालचा पाय ठेवायचा खड्डा तसाच उघडा पडला होता. समर्थ त्यात माती टाकत होता.

"अण्णा, हे काय केलंत? फोन यायला लागले होते!"

"आले ना. दोन आले." ते दारात बसून होते. "मग मी निफाडला फोन लावला. त्या म्हातारीने उचलला. म्हणाली, तुमच्या पोरीचं काम बंद पडलंय, घेऊन जा तिला, नायतर आम्ही स्टँडवर सोडतो. मॅडम, आमच्या पोरीला स्टँडवर सोडतील?"

"अहो, मग घरी आणा तिला!"

"आणली असती. ती नाय म्हणाली. समर्थचं लग्न होऊ द्या म्हणाली. रडून रडून एवढंच म्हणत होती." त्यांनी डोळे पुसले, अगदी सरळ, लपवायला न जाता. "मी तिला काय बी विचारलं नाय. तुमचा तो नवा शब्द सांगितला आणि म्हणलं, आईचं पान सोडलंस, बरं केलंस."

मी त्यांच्यावर ओरडले, हे मला आठवतंय. तुम्ही स्वतःचं वाटोळं केलं, असं काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला काय, मॅडम. माग कोणाचा का असेना, हात माझेच की. खंडेरावांकडे सावली हाय, चहा हाय. पोरीच्या ताटात भाकर पडती, ते बघा."

तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात जाऊन बसले. समर्थ अंबडला कंपनीत लागला. मी त्या ओळींना हात लावला नाही. म्हाताऱ्याने एवढ्या किमतीचं दान दिलं, तर ते मोडणारी मी कोण, असं मी स्वतःला समजावलं.

संक्रांत झाली आणि सुरतेच्या गिरणीने एजंटांची पद्धतच बंद केली. मग ती साइटही बंद झाली. धोंडाबाईंनी बोलल्याप्रमाणे केलं, फक्त स्टँडवर नाही सोडलं, येवल्याच्या एसटीत बसवून दिलं. शुभांगी पिशवी घेऊन बापाच्या दारात उतरली तेव्हा घराला कुलूप होतं. अण्णा कारखान्यात होते, समर्थ पहिल्या पाळीला.

मला हे कळलं तेव्हा मी लगेच फाइल उघडून बसले. सर्च इंजिनात आमचं नाव अजून पहिलं होतं. रोज लोक त्यावर क्लिक करत होते आणि बंद पडलेल्या पानावर जाऊन आपटत होते. मी खंडेरावांच्या कारखान्यात फोन लावला, अण्णांना बोलवायला सांगितलं. मागे मागांची खटखट ऐकू येत होती.

"अण्णा, त्या ओळी आता काढून टाकते मी. शुभांगीही घरी आलीय. पुन्हा सुरू करू."

कोणीतरी त्यांना कामावर परत यायला हाक मारली.

"काढा की," ते म्हणाले. "पण आता गिऱ्हाईक आलं तर त्याला दाखवायचं काय, मॅडम? विकायला काय हाय?"